शंभराला अठ्ठ्याण्णव

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. त्यांचं मशीन रविवारी त्यांचे फाउंड्रीतले सोबती नत्थूजी काका नेणार होते, आणि नेण्याआधी त्याची उभी चाल जुळवून द्यायची होती. ते काम मी करीन, असं मीच फोनवर म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी पुण्याच्या गाडीतून उतरून बेसाला, आईबाबांच्या घरी पोचले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "तुले येते का ते?"

"बाबांना वाचून तर मीच दाखवत होते," मी म्हटलं.

ते खरं होतं. मशीन म्हणजे मोठ्या टेबलाएवढं, लाकूड कोरणारं यंत्र. बाबांनी निवृत्तीनंतर मागच्या खोलीत स्वतः जोडलेलं. कॉम्प्युटरवरून आज्ञा दिली की त्याचं कोरणारं तोंड तीन दिशांनी सरकतं: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. पहिल्या दोन चालींबद्दल बाबांची तक्रार नव्हती. वर-खालीची चाल मात्र पहिल्यापासून लेचीपेची. बारीक आट्यांचा दांडा, प्लॅस्टिकचा आधार. जरा खोल कापायला घेतलं की तोंड थरथरायचं. म्हणून गेल्या दिवाळीत मी पुण्याहून नवा जोड आणला. जाड दांडा, पोलादी रुळांवर सरकणारा. तो जानेवारीत आम्ही दोघांनी मिळून बसवला, व्हिडिओ कॉलवर. मी पुण्यात इंग्रजी माहितीपत्रक वाचायचे आणि मराठी करून सांगायचे, ते इथं पाना घेऊन उभे. "हळू सांग. तिसरं वाक्य पुन्हा." माझा धंदा मुद्रितशोधनाचा, तिसरं वाक्य पुन्हा वाचायचा मला कंटाळा नाही. ते आठ-दहा दिवस चांगले गेले.

नवा जोड बसवला की एकदा जुळवणी करावी लागते. मोटर सलग फिरत नाही, बारीक पावलं टाकत फिरते. एक मिलिमीटर खाली जायला किती पावलं टाकायची, हा आकडा मशीनला सांगावा लागतो. माहितीपत्रकात ४०० दिला होता. मग मशीनला शंभर मिलिमीटर जायला सांगायचं, प्रत्यक्षात किती गेलं ते मोजायचं आणि फरक पडला तर आकडा बदलायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बाबांना ते चार आठवडे जमलं नाही.

हिंगण्याच्या एका फाउंड्रीत ते एकतीस वर्षं पॅटर्न मेकर होते. पोलादाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून ठसा घेतात आणि ठशात रस ओततात. नमुना बाबांचा, वाळू नत्थूजी काकांची, अशी त्या दोघांची जोडी होती; काका बाबांना मधु म्हणत. माप चुकलं असं बाबांच्या बाबतीत मी लहानपणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरातल्या खिडक्यासुद्धा त्यांच्या मापानं बसल्या, आणि अजून एकही अडकत नाही.

आणि जानेवारीच्या शेवटी ते फोनवर एक दिवस म्हणायचे मशीन कमी जातं, दुसऱ्या दिवशी म्हणायचे जास्त जातं. एकाच फोनमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, माहितीपत्रकात नटच्या पानावर काय लिहिलंय. आई सांगत होती की दुकानातून दोनदा साखर आणली आणि मीठ राहिलंच. अकरा फेब्रुवारीला, ऑफिसातून निघता निघता, एका खांद्यावर बॅग आणि कानाला फोन अशी मी म्हणाले, "बाबा, राहू द्या ते मशीन आता. तुमच्याने नाही होत."

"बरं," ते म्हणाले. "ठेवतो बंद."

वाद नाही, रुसवा नाही. त्यानंतर त्यांनी त्या खोलीतला दिवासुद्धा लावला नाही. दोन मार्चला सकाळी, चहा गाळून होईपर्यंत, ते गेले होते.

तेराव्याला नत्थूजी काका माझ्या शेजारी येऊन बसले होते. "मी इचारलं त्याले, मशीन काहून बंद करून ठेवली गा? तं म्हणे, पोरगी नको म्हणते." त्यांनी ते सहज सांगितलं, त्यात दोष देणं नव्हतं. मी मान हलवली. पुण्याला परतल्यावर रोज रात्री ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसायचं.

तेव्हा मला या खेपेला एकच गोष्ट हवी होती. मशीनमध्ये दोष सापडायला हवा होता. मशीन चुकत असेल तर बाबा बरोबर मोजत होते, आणि चूक माझी होती. माझी चूक मला चालणार होती. त्यांची नको होती.

मागच्या खोलीत धूळ फार नव्हती, आई झाडत असावी. कूलरची हवा तिथवर पोचत नाही. भिंतीला टेकून बाबांनी केलेले सागवानी डबे होते, तीन. आईसाठी मसाल्याचा डबा करायचा त्यांचा बेत होता: लाकडात सात गोल खड्डे, प्रत्येकात स्टीलची वाटी, वरून सपाट झाकण. वाट्या चाळीस मिलिमीटर उंच, म्हणून खड्डेही बरोबर चाळीस खोल. झाकण वाट्यांच्या कडांवर टेकलं पाहिजे, तरच हळद जिऱ्यात जात नाही. तीनही डब्यांत वाट्या खाली बसल्या होत्या, कडेपासून नखाच्या जाडीएवढ्या. आई एकात गुंड्या ठेवते, एकात औषधं. तिसरा रिकामा होता.

टेबलाच्या खणात वही मिळाली. दोनशे पानी, रेघांची. बाबांचं अक्षर सुतारी पेन्सिलीचं, ठसठशीत; आईचा उल्लेख त्यात नावानं, शामला.

१४ जाने. सांगितले १००, आले ९८. पावले ४०० ची ४०८.१६ केली. पुन्हा सांगितले १००, आले १००. झाले.

१६ जाने. डबा कापला. खोली ४० पाहिजे, ४०.८ आली. व्हर्नियरने तीनदा पाहिले. पावले परत ४००.

१७ जाने. पट्टीने ९८.

२० जाने. नट बदलला. ९८.

२३ जाने. कपलिंग काढून बसवले. ९८.

२५ जाने. ४०८.१६ केले. दुसरा डबा. खोल. शामलाला दाखवला नाही.

३१ जाने. डोळे तपासून आलो. नंबर तोच आहे.

४ फेब्रु. तिसरा डबा. तेच.

८ फेब्रु. ९८.

पुढची पानं कोरी होती. मी ती सगळी उलटून पाहिली. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका शोधणं हा माझा रोजचा उद्योग, पण इथं मला चूक सापडत नव्हती. पट्टीनं मोजलं की मशीन कमी जात होतं. ते सुधारलं की लाकूड जास्त खोल कापलं जात होतं. ते सुधारलं की पुन्हा पट्टीवर कमी. माणसानं एका खोलीत दोन दारांमधून ये-जा करावी तसे बाबा चार आठवडे चारशे आणि चारशे आठच्या मध्ये फिरले होते.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भेंडी चिरत होती.

"आई, बाबांची पट्टी कुठे आहे? स्टीलची."

"कायले?"

"मोजायला."

"दुसरी घेऊन ये न. इतवारीत भेटन, नाही तं इथंच चौकातल्या स्टेशनरीत भेटते."

"त्यांनी जिनं मोजलं तिनंच मोजायचंय मला."

तिनं हातातली भेंडी ताटात ठेवली. मग हात पुसून आत गेली आणि गोदरेजच्या कपाटातून, साड्यांच्या घडीखालून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढून आणली.

"साड्यांमध्ये कशी ही?"

"असते," ती म्हणाली आणि परत भेंडीपाशी जाऊन बसली.

फूटभर लांबीची पट्टी, जड. बोटं घासून घासून एका टोकाची अक्षरं पुसली गेली होती, रेघा मात्र स्वच्छ. मशीन सुरू केलं. आकडा चारशेच होता. पट्टी तोंडाशेजारी उभी केली, तळाशी लाकडी ठोकळा लावून काटकोनात धरली, तोंड वरच्या टोकाला नेलं, रेघ पाहून ठेवली आणि मशीनला सांगितलं: शंभर खाली. मोटर घुमली, तोंड उतरलं आणि थांबलं.

अठ्ठ्याण्णव.

मी पुन्हा केलं. अठ्ठ्याण्णव. गुडघे फरशीवर टेकून, डोळा रेघेच्या अगदी समोर आणून तिसऱ्यांदा केलं. अठ्ठ्याण्णव. मला हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आकडा ४०८.१६ केला आणि पुन्हा शंभर सांगितलं; पट्टीवर बरोबर शंभर आलं. बाहेर येऊन मी आईला म्हटलं, "मशीनच चुकत होतं. बाबा बरोबर मोजत होते."

आईनं ताट वाढायला घेतलं. "जेवून घे," ती म्हणाली.

शनिवारी मी लाकडाचा एक उरलेला तुकडा आवळून बसवला आणि त्यात चौकोनी खड्डा कोरायला लावला, चाळीस खोल. मशीन अर्धा तास घुमत होतं. भुसा दाराखालून ओसरीवर गेला. खड्डा झाल्यावर मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या व्हर्नियरचा दांडा आत सोडला.

४०.८.

तीनदा पाहिलं. व्हर्नियर मला बाबांनीच शिकवलं होतं, आठवीत असताना, सुट्टीत. मला त्यात चूक करता येत नव्हती. मग मीही तेच केलं जे त्यांनी केलं होतं. नट सोडवला, पुन्हा बसवला. मोटर आणि दांडा जोडणाऱ्या कपलिंगचे स्क्रू आवळले. दांडा बोटानं फिरवून कुठं अडतो का पाहिलं. कुठंच अडत नव्हता. नवा होता, तेल लावलेला, शहाण्यासारखा फिरत होता. आकडा परत चारशे केला, खड्डा कोरला: चाळीस. पट्टीनं चाल मोजली: अठ्ठ्याण्णव. वहीत बाबांच्या शेवटच्या ओळीखाली मी माझ्या बारीक अक्षरात लिहीत गेले. ४०. ९८. ४०.८. १००. चार वाजेपर्यंत अर्धं पान भरलं, आणि ते वरच्या पानांसारखंच दिसत होतं.

पंखा लावून फरशीवर आडवी झाले. अंग दुखत होतं, पण ते कामानं नव्हे. ज्या माणसाला मी तुमच्याने होत नाही म्हटलं होतं, त्याच्या जागी मी उभी होते आणि माझ्यानेही होत नव्हतं. यात समाधान असायला हवं होतं. काही दोष आहे, तो आम्हा दोघांनाही दिसत नाही, एवढं तरी सिद्ध झालं होतं. पण दोष कुठला ते कळल्याशिवाय माझं काही सुटणार नव्हतं.

रविवारी दहाच्या सुमारास टेम्पोचा हॉर्न वाजला. नत्थूजी काका ड्रायव्हरला फाटकाशी थांबवून आत आले. सत्तरीला टेकलेले, डोक्याला पंचा, आवाज अजून फाउंड्रीतला. त्यांची सून गोपिका घरांच्या नावाच्या पाट्या करून विकते. मशीन तिच्यासाठी जाणार होतं.

"झाली का वं जुळवणी? का अजून त्याच्यातच बसली हायेस?"

"नाही झाली काका."

"पुण्याची शिकेल पोरगी, अन् दोन दिवसांत एक आकडा जुळून नाही राहिला तुले! वहिनी, चाय ठेवा. लंबं काम दिसते."

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. काय काय केलं ते सांगितलं, पट्टीनं किती येतं आणि लाकडात किती येतं. वही मी टेबलावर ठेवली नव्हती, खणात होती. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. मग मी प्रत्यक्ष करून दाखवावं म्हणून पट्टी उचलली.

"थांब, थांब. ते काय हाये तुया हातात? आण इकडे."

त्यांनी पट्टी घेतली, खिडकीपाशी नेली आणि पुसलेलं टोक उजेडात तिरपं धरलं. आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तरी थांबेनात.

"बाप्पा! ही कोणं देली तुले? वहिनी, इकडे या, पाहा पोरीनं काय केलं ते! अवं, ही वाढीची पट्टी हाये."

"म्हणजे?"

"तुयाजवळ शाळेची पट्टी आहे का, साधी?"

माझ्या जुन्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी मी आणून दिली. काकांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य जुळवून. मग बोट सरकवत दुसऱ्या टोकाला नेलं. स्टीलच्या पट्टीवरची तीसची रेघ प्लॅस्टिकच्या तीसच्या पलीकडे होती, चांगली सहा मिलिमीटर.

"पोलाद थंड झालं का आखडते. शंभराचं अठ्ठ्याण्णव होते. म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच शंभराले दोन मोठा करा लागते. आता एवढ्या मापांचा हिशेब रोज कोण करन? म्हणून ही पट्टीच मोठी करून ठेवेल असते. हिच्यावरचा शंभर म्हणजे असली एकशेदोन. मशीन तुयी बरोब्बर जाऊन राहिली होती वं, चारशेवर. पट्टीच तुले कमी सांगून राहिली."

मला आधी फक्त हलकं वाटलं. दोष सापडला होता. तो बाबांत नव्हता, मशीनमध्ये नव्हता, एका पट्टीत होता. मी काकांबरोबर हसलेसुद्धा.

"मीबी एकदा असंच केलं होतं," ते टेबलाच्या कडेवर बसत म्हणाले. "नवा होतो. घरची चौकट साध्या पट्टीनं मोजली, अन् ही पट्टी मागून घेऊन दार हिच्यानं आखलं. दार काही चौकटीत जाईना! मधुनं ते पुऱ्या शॉपमंदी सांगितलं. दोन साल मले 'दारवाले' म्हणत सारे. अन् मधु तं या पट्टीले कोणाले हात लावू देत नव्हता. त्याच्या कप्प्यात अलग राहे. साध्या पट्टीच्या बाजूलेबी ठेवत नव्हता, चुकून कोणी उचलन म्हणून. डोळे बांधून देली असती तं अंगठ्यानं वळखली असती त्यानं."

तेव्हा माझं हसू थांबलं.

डोळे बांधून ओळखली असती. आणि १४ जानेवारीपासून ८ फेब्रुवारीपर्यंत, डोळे उघडे ठेवून, डोळ्यांचा नंबर तपासून येऊन, त्यांनी ती ओळखली नव्हती. माझ्यासारख्या माणसाकडून ही चूक होणं साहजिक होतं. मला अशी पट्टी असते हेच माहीत नव्हतं. त्यांच्याकडून ती होण्याचा एकच अर्थ होता.

"चहा झाला का बघते," मी म्हटलं आणि बाहेर आले.

आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा उकळून वर येत होता. तिनं गॅस बारीक केला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पट्टी कुठली ते."

तिनं कप मांडले. तीन, मग आठवण होऊन ड्रायव्हरसाठी चौथा.

"त्यांना समजलं होतं," ती म्हणाली. "तुया फोनच्या दोन दिवस आधी. ती पट्टी घेऊन आले अन् इथं बसले, या स्टुलावर. म्हणे, शामला, एकतीस वर्षं हाती होती, अन् ही कोणती ते मी विसरलो. मले काय समजते त्याच्यातलं? मी म्हटलं, होते असं. वय झालं. तं म्हणे, असं नाही होत. बाकी काहीबी होते, हे नाही होत."

"मग?"

"मग काय. पट्टी मायाजवळ देली. म्हणे, ठेवून दे, मी मागितली तरी देऊ नको. मशीनमंदी जाऊन आकडा नीट करून आले अन् दार लावून घेतलं."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"नको म्हणे. पोरगी काम टाकून येईन, दवाखाने करीन. मले शपथ घातली. मंग तुयाच फोन आला." ती गाळणी हातात धरून थांबली. "तू बोलली न त्यांना, राहू द्या म्हणून. त्यांनी फोन ठेवला अन् माहीत आहे काय म्हणाले? बरं झालं, पोरीनंच नाही म्हटलं. आता कोणी इचारलं तं सांगता येते."

मी स्टुलावर बसले. दाराबाहेर नत्थूजी काका ड्रायव्हरला मोठ्यानं काही सांगत होते. दारवाल्याची गोष्टच असावी.

"पाच आठवडे मी..." मी म्हटलं.

"मले दिसत नव्हतं का वं? पण शब्द देला होता. आता तूच पट्टी मागितली, तं मी काय करू. वाटलं, देऊन टाकावी. समजलं तं समजलं." तिनं चहा गाळला. "तुया बोलण्यानं नाही थांबले ते. तुले म्हणून सांगते. अन् नत्थूजी भाऊजींना नको सांगू. त्यांच्यासमोर ते तसेच राहिले पाहिजेत."

मी चहाचा ट्रे उचलला. मी चुकले नव्हते. बाबांच्याने होत नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याआधी दोन दिवस कळलं होतं. त्या दोन दिवसांत माझा एक फोन झाला होता; त्यात ते मला विचारत होते की पुण्यात थंडी अजून आहे का. तेवढंच मला आठवलं.

चहा पिऊन आम्ही काम पुरं केलं. आकडा चारशे. साध्या पट्टीनं शंभराला शंभर आले. काकांच्या समाधानासाठी एक खड्डा कोरून दाखवला, चाळीस. ते व्हर्नियर डोळ्यांपासून लांब धरून पाहत होते आणि खूश होते.

"आता खरी झाली. पण मधुनं केली होती तव्हा किती ठेवलं होतं त्यानं?"

"चारशेच," मी म्हणाले. हे खरं होतं. "मीच येऊन बिघडवलं."

"वाटलंच मले. त्याच्या हातचं कायले बदललं मंग?"

"मला वाटलं, त्यांचं चुकलं असेल."

"मधुचं?" काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी नजर काढून घेतली. "त्याच्या मापात चूक काढाले आली होती तू?"

आई दारात उभी होती.

मशीनचे बोल्ट सोडवायला ड्रायव्हर आला. आम्ही चौघांनी मिळून ते उचलून टेम्पोत ठेवलं, खाली गादी घालून. वरचं तोंड हलू नये म्हणून आईनं जुन्या चादरीनं बांधलं. मी खण रिकामा करत होते, कोरण्या, पाने, उरलेले स्क्रू डब्यात भरत होते, तेव्हा काकांना वही दिसली.

"हे दे न गोपिकाले. मधु सारं लिहून ठेवत जाय. तिच्या कामी पडन."

माझा हात आधीच वहीवर होता. "ती माझी आहे काका."

"तुयी?"

"दोन दिवस मी जे मोजत बसले ते आहे तिच्यात. सगळं चुकीच्या पट्टीनं. तिला त्याचा काय उपयोग?"

"पाहू दे न, कुठं कुठं आपटली ते."

"नाही दाखवत."

"लाजली वं वहिनी ही!" ते आईकडे वळून म्हणाले, आणि आई म्हणाली, "लहानपणापासून तशीच हाये, भाऊजी. चुकलं का लपवते."

मी वहीचं शेवटचं कोरं पान फाडलं, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं: उभी चाल, एका मिलिमीटरला ४०० पावलं, साध्या पट्टीनं तपासावी. कागद काकांच्या खिशात घातला. वही काखेत धरली.

टेम्पो निघायच्या आधी काकांनी फाटकाशी उभं राहून गोपिकाला फोन लावला. निघालो म्हणून सांगायला लावला होता, पण सगळी गोष्ट सांगत बसले. वाढीची पट्टी, दोन दिवस, पुण्याची पोरगी, दुसऱ्यांची पुस्तकं तपासते म्हणे! पलीकडून गोपिकाचं हसणं इथं मला ऐकू येत होतं. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत येऊन बघायला लागल्या. सांगता सांगता काकांनी आकडे वाढवले; दोन दिवसांचे चार झाले, तीन खड्ड्यांचे दहा. मी उभी राहून ऐकत होते आणि जिथं त्यांना हुंकार हवा होता तिथं देत होते.

फोन खिशात टाकून ते टेम्पोत चढले. दार ओढून घेतलं आणि खिडकीतून बाहेर वाकले.

"मधु असता तं लय हसला असता वं तुयावर."

"हो काका," मी म्हटलं. "हसले असते."